जुन्या गाडीला शिशाचे पेट्रोल हवेच का?

शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यालगत, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमागच्या वस्त्यांवर, इकडे यवत-केडगाव-पाटस पट्ट्यात आजही जुन्या पेट्रोल गाड्या जपून ठेवलेल्या आहेत. कुणाकडे आजोबांची ॲम्बेसेडर, कुणाकडे वडिलांनी पहिल्या उसाच्या बिलातून घेतलेली प्रीमियर पद्मिनी, कुणाकडे वरातीला लागणारी उघडी जीप. शेडमध्ये उभी असलेली अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘या गाड्या शिशाच्या पेट्रोलवरच्या. आताच्या पेट्रोलवर हेड जाणार.’ हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. मग कुणी पेट्रोलमध्ये टाकायची बाटली सुचवतो, कुणी हेड उतरवून पुण्याला पाठवायला सांगतो, तर कुणी बारामतीला विमान चालवायला शिकवतात तिथले पेट्रोल मिळते का बघू म्हणतो. या भीतीपायी लोक खर्च करतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी करतात. म्हणून हा लेख.

उत्तर आधीच सांगतो. शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर, आपल्याकडच्या वेगाने चालणाऱ्या जुन्या गाडीला शिशाच्या पेट्रोलची गरज नाही. आपल्या देशात १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. म्हणजे तुमची गाडी २००० नंतर जितकी चालली असेल, ती सगळी शिशाविनाच चालली आहे. एवढी वर्षे जिचे हेड टिकले, तिला आज अचानक शिशाची आठवण यायचे कारण नाही. प्रश्न उरतो तो त्याआधीपासून उभ्या असलेल्या आणि आता नव्याने चालू करायच्या गाड्यांचा. त्यांचेही उत्तर मोजून काढता येते, अंदाजावर हेड उतरवावे लागत नाही.

पेट्रोलमध्ये शिसे का घालत असत, हे समजले की निम्मी भीती जाते. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना असे आढळले की टेट्राएथिल लेड हे द्रव पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले तरी इंजिनाचे नॉकिंग थांबते. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी ओढली की आतून जो खडखडाट येतो, तो हा. स्वस्त पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, वाढवण्याचा हा सोपा मार्ग होता आणि तो जगभर पसरला. आपल्याकडेही एका लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असे. १९९० च्या दशकात ते ०.१५ वर आणले आणि शेवटी नाममात्र ०.०१३ वर. या शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर आणि मोठ्यांच्या रक्तदाबावर काय परिणाम केले, हे आता जगाला माहीत आहे. २०२१ च्या जुलैमध्ये अल्जीरियाने विक्री थांबवली आणि मोटारींसाठीचे शिशाचे पेट्रोल पृथ्वीवरून गेले. ते गेले हे चांगलेच झाले, याबद्दल जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनीही मनात शंका ठेवू नये.

ऑक्टेनसाठी तुम्हाला शिसे लागत नाही, कारण आपल्या जुन्या गाड्या मुळातच कमी कंप्रेशनच्या आहेत. ॲम्बेसेडर काय किंवा पद्मिनी काय, यांचे कंप्रेशन साधारण सात-आठला एक एवढेच, कारण तेव्हा मिळणारे पेट्रोल हलके होते. आज पंपावर मिळणारे साधे पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा ऑक्टेनने वरचढ आहे. तेव्हा जुन्या गाडीत मुद्दाम शंभर ऑक्टेनचे पेट्रोल भरून इंजिनाची ताकद वाढत नाही. गाडी नॉक करत असेल तर टायमिंग, आत साचलेला कार्बन आणि डिस्ट्रिब्युटर बघा.

शिशाचा दुसरा परिणाम कुणी ठरवून केलेला नव्हता, तो फुकट मिळाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ज्या कडेवर बसतो तिला सीट म्हणतात. इंजिन जोरात चालत असताना हा व्हॉल्व्ह लालबुंद तापतो आणि दर मिनिटाला हजारापेक्षा जास्त वेळा सीटवर आपटतो. जळालेल्या शिशाचा पातळ थर या दोघांमध्ये बसून राहायचा आणि धातूला धातू भिडू द्यायचा नाही. तो थर नसला तर साध्या बिडाच्या सीटवर तापलेला व्हॉल्व्ह क्षणभर चिकटतो, उचलला जाताना सीटचे सूक्ष्म कण ओढून नेतो आणि हळूहळू सीटमध्ये खोल बसत जातो. हेड जाणार म्हणतात ते यामुळे. भीती खोटी नाही. पण ती कोणत्या गाडीला आणि कोणत्या वेगाला लागू आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

ही झीज वेगाबरोबर वाढते, आणि फार झपाट्याने वाढते. युरोपच्या मोटारमार्गांवर ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरने तासन्‌तास पळणाऱ्या गाड्यांना हा त्रास झाला, म्हणून तिथल्या क्लबांनी त्यावर एवढा काथ्याकूट केला. शिरूरहून न्हावरे, पारगावचा भीमेवरचा पूल, केडगाव, चौफुला असा प्रवास ताशी पन्नास-साठने करणारी ॲम्बेसेडर त्या तापमानाच्या जवळही जात नाही. पुणे-सोलापूर महामार्गावर किंवा नगर रस्त्यावर मोकळा पट्टा मिळाला म्हणून नव्वदने दामटली तर गोष्ट वेगळी. जुन्या गाडीचे हेड वाचवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सत्तरच्या आत राहणे, आणि त्या वेगाला तिचे ब्रेकही तुमच्या बाजूने असतात.

आता गाडीगणिक पाहू. तुमच्या गाडीचे हेड बिडाचे आहे की ॲल्युमिनियमचे, हे आधी ठरवा. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर बीड. ॲल्युमिनियम मऊ असते, त्यावर व्हॉल्व्ह थेट बसवताच येत नाही, म्हणून अशा हेडमध्ये कारखान्यातच वेगळ्या कठीण धातूच्या सीट ठोकून बसवलेल्या असतात. फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी या गटातल्या. मारुती ८०० तर निश्चिंत. ती १९८३ च्या डिसेंबरात आली ती जपानी इंजिन घेऊन, आणि जपानमध्ये त्याच्या कितीतरी आधी बिनशिशाचे पेट्रोल रुळले होते. प्रीमियर ११८ एनई आणि इसुझू इंजिनाची कॉन्टेसा यांच्याही मालकांनी हा विषय डोक्यातून काढून टाकावा.

खरी लक्ष द्यायची गाडी म्हणजे १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची ॲम्बेसेडर. तिचे ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले, आणि सीट हेडच्या बिडातच कापलेल्या. जुनी स्टँडर्ड हेरल्ड, मॉरिस मायनर, हिलमन यांचेही तसेच. आपल्या भागातल्या बऱ्याच ॲम्बेसेडर मात्र डिझेलच्या आहेत. त्यांचा शिशाशी कधीच संबंध नव्हता. जुन्या पेट्रोल जीपची रचना निराळी आहे. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे तिचे एक्झॉस्ट सीटचे काम निघाले तर नुसते हेड उतरवून भागत नाही, ब्लॉकला हात लावावा लागतो. जीपवाल्यांनी म्हणूनच खात्री केल्याशिवाय कुणालाही इंजिन उघडू देऊ नये.

चेतक, लँब्रेटा, राजदूत, येझदी यांच्या मालकांनाही कुणी शिशाची भीती घालत असेल तर सरळ सांगा, टू-स्ट्रोक इंजिनात असे व्हॉल्व्हच नसतात. जे नाही ते झिजणार कुठून?

पुन्हा पद्मिनीकडे येऊ. तिच्या सीट टिकतात याचा मोठा पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर होता. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी २००० नंतर मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. सीएनजी हे कोरडे इंधन. त्यात शिसे नाही, आणि पेट्रोलच्या थेंबांनी व्हॉल्व्हला मिळतो तेवढा ओलावा-गारवाही नाही. सीटच्या दृष्टीने याहून कठीण परीक्षा नाही. तरी त्या पद्मिनी दिवसरात्र, दोन-दोन पाळ्यांत चालल्या, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर थांबली ती वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. मधल्या काळात त्यांच्या व्हॉल्व्हची कामे निघाली असतील, पण ती टॅक्सीच्या रोजच्या धावेला निघाली. वर्षाकाठी जत्रा, लग्न आणि रांजणगावच्या गणपतीला जाऊन येणाऱ्या तुमच्या गाडीला तेवढे काम आयुष्यात पडणार नाही.

तरीही मनात शंका असेल, विशेषतः ॲम्बेसेडर असेल, तर मोजा. त्यासाठी फीलर गेज, एक वही आणि धीर एवढेच लागते. मॅन्युअलमध्ये सांगितले असेल त्याप्रमाणे, थंड किंवा गरम इंजिनावर, आठही टॅपेटची गॅप नीट बसवून घ्या आणि वहीत तारीख, मीटरचे आकडे आणि प्रत्येक सिलिंडरची गॅप लिहा. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर त्याच स्थितीत पुन्हा मोजा. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. रॉकर आणि पुशरॉड झिजले तर गॅप वाढते आणि टॅपेट वाजायला लागतात. सीट झिजली तर व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होते, म्हणजे इंजिन उलट शांत होते. कान शांततेला फसतात. पूर्वी टकटक करणारी ॲम्बेसेडर काही न करता गप्प झाली तर आनंद मानू नका, त्याच दिवशी एक्झॉस्टची गॅप मोजा. गॅप पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, तापलेला वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. मग सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, एका सिलिंडरचे मिस, चढावर जीव नाही, ही लक्षणे येतात.

दोन-तीन वेळा मोजून गॅप जागच्या जागी असेल तर तुमची सीट झिजत नाही. विषय संपला. फक्त दर सर्व्हिसिंगला मोजत राहा. एखाद्याच सिलिंडरची गॅप दरवेळी कमी येत असेल तर कंप्रेशन तपासून घ्या. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. आणि खरोखरच झीज ठरली, तरी आकाश कोसळलेले नाही. हेड उतरवून एक्झॉस्टच्या जागी कठीण धातूच्या सीट बसवून घेता येतात आणि मग तो प्रश्न कायमचा मिटतो. इनटेकच्या सीट गार मिश्रणात राहतात, त्या बदलायची सहसा गरज नसते. हे काम मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजचे नाही. सीट बसवायची खाच मशीनवर अचूक कापावी लागते आणि सीट घट्ट दाबानेच बसली पाहिजे. सैल बसलेली सीट चालत्या इंजिनात सुटून खाली पडली तर पिस्टनसकट सगळे जाते. बिडाच्या जुन्या हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत तडा असू शकतो, तो आधी तपासायला सांगा. व्हॉल्व्ह गाइड त्याच वेळी बघून घ्या. पुण्यात हेडची कामे करणारी जुनी मशीन शॉप आहेत; जिथे तुमच्या मेस्त्रींचा शब्द चालतो आणि काम डोळ्यांसमोर होते तिथेच द्या. मुख्य म्हणजे दुसऱ्या कारणाने हेड उतरेल तेव्हा हे काम करून घ्या. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाचे हेड केवळ भीतीपोटी उतरवू नका.

बाटल्यांबद्दल. शिशाऐवजी पोटॅशियम, मँगनीज, फॉस्फरस किंवा सोडियमची संयुगे पेट्रोलमध्ये टाकून सीट वाचवता येते, हे खरे आहे. १९९९ च्या सुमारास, ब्रिटनमध्ये शिशाचे पेट्रोल बंद होताना, तिथल्या जुन्या गाड्यांच्या महासंघाने अशा द्रावणांच्या रीतसर चाचण्या करून घेतल्या आणि काहींना मान्यता दिली. पण त्या चाचण्या भरधाव चालणाऱ्या इंजिनासाठी होत्या. शिवाय आपल्याकडे दुकानात ऑक्टेन बूस्टर म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा वेगळेच असते; ऑक्टेन वाढवणारी बाटली सीट वाचवतेच असे नाही. लांब पल्ल्याच्या रॅलीला निघाला असाल आणि हेड बिडाचे असेल तर खात्रीचे द्रावण वापरा, दोन वेगळ्या कंपन्यांची एकत्र मिसळू नका. रोजच्या वापराला गरज नाही. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल, डिझेल किंवा रॉकेल थोडे टाकले की व्हॉल्व्हला वंगण मिळते, हा समज तर टाकूनच द्या. त्याने सीट वाचत नाही, उलट ऑक्टेन उतरतो, कार्बन साचतो आणि प्लग काळे होतात. विमानाच्या पेट्रोलचे तसेच. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांना लागणाऱ्या १०० एलएल या पेट्रोलमध्ये आजही लिटरमागे अर्ध्या ग्रॅमहून अधिक शिसे असू शकते. ते मोटारीसाठी नाही, रस्त्यावर वापरणे कायद्यात बसत नाही, आणि हे शिशाचे द्रव कातडीतून अंगात भिनते. ज्या शेडमध्ये घरची मुले खेळतात तिथे त्याचा कॅन आणून ठेवू नये, हे मी हात जोडून सांगतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शिशावर एवढे बोलत असताना जुन्या गाड्यांना खरा उपद्रव देणारी गोष्ट आपल्याच शिवारातून निघून पंपावर पोचली आहे : इथेनॉल. शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर ही नावे इथल्या घराघरात. उसाच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल होते, आणि २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरू झालेले मिश्रण आज वीस टक्क्यांवर गेले आहे. ई-२० ची सुरुवात २०२३ च्या फेब्रुवारीत झाली आणि आता पंपावरचे साधे पेट्रोल म्हणजे तेच समजून चालावे. ऊस उत्पादकाच्या हिताचे ते आहे, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. मला तर यात एक जुने नाते दिसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवले, आणि १९४४ मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी आली. आणि पद्मिनीचे मूळ घराणे असलेल्या फियाटचा कारखाना आज शिरूर तालुक्यातच, रांजणगावला आहे. साखर आणि मोटार या दोन्ही गोष्टी या भागाच्या आहेत, म्हणूनच दोन्ही सांभाळायचे तंत्र आपल्याला यायला हवे.

इथेनॉल जुन्या गाडीला तीन प्रकारांनी त्रास देते. पहिला रबराचा. साधा रबरी पाइप, फ्युएल पंपाचा जुना डायफ्राम, कॉर्कची पॅकिंग हे सगळे ई-२० मध्ये फुगते, मऊ पडते किंवा चिरते. दुसरा पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी उभी राहिली की हे ओले इथेनॉल पेट्रोलपासून फुटून तळाला बसते. टाकी आतून गंजते, कार्बोरेटरच्या मिश्रधातूवर पांढरा क्षार चढतो. शिवाय वर्षानुवर्षे टाकीत चिकटून बसलेला गंज आणि गोंद इथेनॉलने सुटतो आणि जेटमध्ये अडकतो. पहिल्या काही टाक्यांत गाडी वारंवार बंद पडते ती यामुळे.

तिसरा प्रकार मिश्रणाचा, आणि इथे आपण पुन्हा व्हॉल्व्हच्या सीटपाशी येतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई-२० वर कार्बोरेटरचा जुना जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) तसाच ठेवला तर मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होते. नव्या गाडीचा संगणक हे सांभाळून घेतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. पातळ मिश्रणावर गाडीचा पिकअप तुटतो, कार्बोरेटरमधून फटफट येते, आणि ओझ्याखाली एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. शिसे नसण्याने जेवढी सीट झिजत नाही तेवढी या जादा तापाने झिजू शकते. म्हणून बाटलीवर पैसे घालवण्याऐवजी जेटवर घाला. मेन जेटवर कोरलेला आकडा हा बहुधा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. छिद्राचे क्षेत्रफळ आठ टक्के वाढवायचे तर व्यास चार टक्केच वाढवावा लागतो. १२० चा जेट असेल तर १२५ चा पुरतो. मेस्त्रींना जुना जेट तारेने कोरू देऊ नका, योग्य आकड्याचा नवा घ्या. मग पन्नास-साठ किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. इन्सुलेटर फिकट तपकिरी हवा. पांढराफटक असेल तर मिश्रण अजून पातळ आहे, काजळीने काळा असेल तर जाड. इग्निशन टायमिंग मागे असेल तर एक्झॉस्ट अधिकच तापते, तेही त्याच बैठकीत तपासून घ्या. ॲव्हरेज थोडे घसरेल हे धरून चाला. इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींत ही घट सहा ते सात टक्के सांगितली आहे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे घरी ढोबळमानाने कळते. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तसे १०० मिलिलिटरचे काचेचे मोजपात्र घ्या. त्यात १० मिलिलिटर पाणी, वर ९० मिलिलिटर पेट्रोल. तोंड बंद करून हलवा आणि थोडा वेळ ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते. खालचा थर दहाचा दहाच राहिला तर इथेनॉल नाही. वीस टक्के असेल तर तो अठ्ठावीसच्या आसपास जाईल. हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करा, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका. शंभर ऑक्टेनचे महागडे पेट्रोल इथेनॉलविरहित असते असे कुणी सांगितले तर आधी ही परीक्षा करा, मग पैसे मोजा. गाडी तीन-चार महिने उभी राहणार असेल तर शेवटची टाकी अशा बिनइथेनॉलच्या पेट्रोलची भरून ठेवणे हाच त्या पेट्रोलचा सर्वांत चांगला उपयोग.

उन्हाळ्यात दौंडकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि वरातीत जीप माणसांच्या चालीने चालते. अशा वेळी फ्युएल पंपातले पेट्रोल उकळून वाफ होते आणि गाडी मांडवाच्या दारातच बंद पडते. थोड्या इथेनॉलने ही वाफ लवकर धरते. पंपावर ओले फडके टाकायची आपली जुनी रीत उपयोगी आहे, पण मूळ उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर फिरवणे आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवणे. उभ्या गाडीची टाकी काठोकाठ ठेवा म्हणजे ओल धरायला हवाच उरत नाही, आणि पंधरा दिवसांतून एकदा इंजिन पुरते तापेपर्यंत वीसेक किलोमीटर फिरवून आणा. जागेवर पाच मिनिटे चालू करून बंद करणे गाडीला अपायकारक आहे. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते.

२००० पूर्वी बंद केलेली गाडी उघडत असाल तर एक खबरदारी. तिच्या कंबश्चन चेंबरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जुन्या शिशाचा राखाडी थर अजून असू शकतो. तो कोरडा खरवडून धूळ उडवू नका. ओला करून काढा, तोंडाला फडके बांधा, गॅरेजमधल्या पोराला हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नका. जुने पेट्रोल नळीने तोंडाने ओढून काढण्याची सवय तर आजच सोडा.

कागदपत्रांचेही याच वेळी बघा, कारण इंजिन दुरुस्त करून झाल्यावर नोंदणी संपल्याचे लक्षात येणे फार महागात पडते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून आणि पर्यावरण कर भरून नूतनीकरण करावे लागते. शिरूरकरांचे काम पुण्याच्या, दौंडकरांचे बारामतीच्या परिवहन कार्यालयाकडे. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात व्हीए ही अक्षरे. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज शेतावर जायला गाडी हवी असेल तर या वाटेला जाऊ नका.

हे सगळे वाचून एकच काम करायला वेळ असेल तर हे करा. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाइप हाताने दाबून, वाकवून बघा. चिरा दिसल्या, बोटाला काळा रंग लागला किंवा पाइप लोण्यासारखा मऊ वाटला तर तो त्याच दिवशी बदला. दुकानात इथेनॉलला टिकणारा, एसएई जे ३० आर ९ असे छापलेला पाइप मागा, सोबत नव्या क्लिपा आणि एक पारदर्शक फिल्टर घ्या, आणि पंपाच्या डायफ्रामचा नवा किट बसवून घ्या. तापलेल्या एक्झॉस्टवर गळणारे पेट्रोल गाडी पेटवते, म्हणून ही दुरुस्ती झाल्याशिवाय कुटुंबाला गाडीत बसवू नका.